जोतं उंच, दार उघडं

कोकणात ओढ्याकाठी घर बांधायचं ठरलं की भिंतींच्या आधी जोत्याची चर्चा होते. पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं, मागच्या मोठ्या पुरात ते कुठल्या झाडाच्या बुंध्याला लागलं होतं, हे गावातल्या जुन्या माणसांना विचारून घ्यायचं आणि जोतं त्याच्या वर न्यायचं. पाणी अंगणात आलं तर येऊ द्यावं, ओसरीवर मात्र चढता कामा नये, एवढा साधा हिशेब त्यामागे असतो.

जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने जवळपास याच हिशेबाने एक अख्खी वस्ती उभी केली आहे. एल्ब नदीच्या काठी, जुन्या बंदराच्या १५७ हेक्टर क्षेत्रावर पसरलेल्या या वस्तीचं नाव हाफेनसिटी, म्हणजे बंदरनगर. या एका प्रकल्पाने हॅम्बुर्गच्या मध्यवस्तीचं क्षेत्रफळ सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं. घरं, कचेऱ्या, शाळा, विद्यापीठ, दुकानं, हॉटेलं, संगीताची सभागृहं आणि बागा इथे शेजारी शेजारी आहेत, अनेक ठिकाणी तर एकाच इमारतीत एकावर एक आहेत. नगररचनेत याला संमिश्र वापर म्हणतात.

नदीकाठी फरसबंदी करून दिवे लावणं कोणत्याही शहराला जमतं. तो काठ वर्षभर, सकाळपासून रात्रीपर्यंत, सगळ्या थरांतल्या माणसांनी वापरणं ही वेगळी गोष्ट आहे. ती साधायची तर नकाशा काढण्याआधीच दोन प्रश्नांची उत्तरं तयार हवीत. पाणी चढेल तेव्हा ते जाणार कुठे? आणि जमीन कोणाच्या हातात राहणार? हॅम्बुर्गने या दोन प्रश्नांना दिलेली उत्तरं समजून घेणं, हा या प्रकरणाचा विषय आहे.

समुद्राच्या तालावर चालणारी नदी

हॅम्बुर्ग समुद्रकाठी नाही. उत्तर समुद्र तिथून सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. तरीही एल्बमधून भरती-ओहोटी थेट शहरापर्यंत येते. दिवसातून दोनदा पाण्याची पातळी साधारण साडेतीन मीटर वर-खाली होते. सकाळी जिथे चिखल दिसतो तिथे दुपारी बोट तरंगत असते. वायव्येकडून मोठं वादळ आलं की समुद्राचं पाणी नदीच्या मुखातून आत ढकललं जातं, आणि नरसाळ्यात ओतल्यासारखं अरुंद होत जाणाऱ्या पात्रातून वर चढतं.

१६ आणि १७ फेब्रुवारी १९६२ च्या मधल्या रात्री नेमकं हेच घडलं. पाणी समुद्रसपाटीच्या ५.७० मीटर वर पोहोचलं, अनेक ठिकाणी बांध फुटले आणि शहर झोपेत असताना घरांमध्ये पाणी शिरलं. हॅम्बुर्गमध्ये ३१५ माणसं मरण पावली. सर्वात मोठा तडाखा विल्हेल्म्सबुर्ग या नदीच्या दोन फाट्यांमधल्या बेटावरच्या कामगारवस्तीला बसला. युद्धात घर गमावलेली कितीतरी कुटुंबं तिथे तात्पुरत्या खोपटांत राहत होती. त्या रात्रीनंतर बचावकार्याची सूत्रं हाती घेणारे हेल्मुट श्मिट पुढे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झाले.

या पुराने शहराला पक्की समज दिली. बांध उंच आणि भक्कम करण्यात आले. १९७६ च्या जानेवारीत पाणी ६.४५ मीटरपर्यंत, म्हणजे १९६२ पेक्षाही वर चढलं, तेव्हा शहर वाचलं ते या कामामुळे. मात्र जुनं बंदर बांधाच्या बाहेर, नदीच्या बाजूला राहिलं होतं. जहाजांना धक्क्याला लागायचं तर मधे बांध कसा चालेल? त्यामुळे बंदराची जमीन पाण्याच्या हद्दीत गणली गेली आणि तिथे राहण्याची घरं बांधण्याचा विचारच कोणी करत नव्हतं.

गोणी गेल्या, पेटारे आले

हॅम्बुर्गची श्रीमंती बंदरातून आली. १८६६ मध्ये तिथे सांटोरहाफेन ही गोदी खुली झाली. जहाज थेट धक्क्याला लावायचं, वाफेच्या याऱ्यांनी माल उचलायचा आणि शेजारच्या रेल्वे डब्यात टाकायचा, ही त्या काळातली मोठी सुधारणा होती. पुढे १८८३ पासून गोदीच्या उत्तरेला लाल विटांच्या गोदामांची लांबच लांब रांग उभी राहू लागली. श्पायशरश्टाट, म्हणजे गोदामांचं शहर, असं तिचं नाव. कॉफी, चहा, मसाले आणि गालिचे इथे जकात न भरता साठवता येत. ही गोदामं बांधण्यासाठी तिथली दाट वस्ती पाडण्यात आली आणि सुमारे २०,००० माणसांना घर सोडावं लागलं. २०१५ मध्ये श्पायशरश्टाटला जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या देखण्या विटांच्या खाली एका पुसलेल्या वस्तीच्या खुणा आहेत, हेही तिच्याकडे पाहताना आठवायला हवं.

बंदराचं रूप बदललं ते एका पत्र्याच्या पेटाऱ्याने. १९६८ मध्ये हॅम्बुर्गला पहिलं मोठं कंटेनर जहाज लागलं. तोवर गोणी, पिंपं आणि खोकी माणसांच्या पाठीवरून उतरत होती. कंटेनर आल्यावर गोदामांपेक्षा मोकळी मैदानं मोलाची झाली आणि अरुंद गोद्यांपेक्षा खोल पाणी. बंदर हळूहळू एल्बच्या दक्षिण तीरावर सरकलं. उत्तर तीरावरच्या जुन्या गोद्या, शहराच्या नगरभवनापासून पायी जाण्याच्या अंतरावर असूनही ओस पडत गेल्या.

मुंबईकरांना ही गोष्ट अनोळखी वाटणार नाही. १९८९ मध्ये न्हावा-शेवा इथे नवं बंदर सुरू झालं आणि कंटेनरची वाहतूक खाडीपलीकडे गेली. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या गोद्यांचं आणि त्यांच्यामागच्या जमिनींचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हापासून शहरापुढे आहे.

आधी जमीन, मग घोषणा

हॅम्बुर्ग हे शहर आहे तसंच जर्मन संघराज्यातलं एक राज्यही आहे. त्यामुळे महापौर हा मुख्यमंत्र्याच्याही अधिकाराचा असतो. १९८८ ते १९९७ या काळात हेनिंग फोशेराउ महापौर होते. जुन्या बंदराच्या जागी नवी वस्ती वसवण्याचा विचार त्यांनी बराच काळ मोजक्या माणसांपुरता ठेवला.

त्यामागे कारण होतं. बंदराची बहुतेक जमीन शहराच्याच मालकीची होती, पण तिच्यावरची गोदामं आणि इमारती खासगी कंपन्यांच्या होत्या. तिथे घरं येणार अशी कुणकुण लागली असती तर भाव एका रात्रीत चढले असते आणि तो चढलेला भाव शहराला स्वतःच्याच जमिनीवर मोजावा लागला असता. म्हणून १९९५ मध्ये सरकारी मालकीची एक कंपनी स्थापन झाली. तिने एकेक इमारत गाजावाजा न करता ताब्यात घेतली. ७ मे १९९७ रोजी फोशेराउ यांनी जाहीर भाषणात हाफेनसिटीची घोषणा केली, तेव्हा सट्ट्याला फारशी जागा उरली नव्हती.

ही कंपनी पुढे हाफेनसिटी हॅम्बुर्ग या नावाने ओळखली जाऊ लागली. जमीन एका स्वतंत्र निधीत ठेवायची, भूखंड विकून आलेला पैसा त्याच निधीत जमा करायचा आणि त्यातून रस्ते, पूल, धक्क्यांच्या भिंती, बागा करायच्या, अशी तिची व्यवस्था ठरली. सुरुवातीला याच पैशाचा एक भाग दक्षिण तीरावरच्या आल्टेनवेर्डर या नव्या कंटेनर टर्मिनलसाठीही योजण्यात आला होता. जुन्या बंदराच्या जमिनीने नव्या बंदराला हातभार लावला.

बांध नको, जोतं हवं

१९९९ मध्ये आराखड्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. डच नगररचनाकार केस क्रिस्तियान्से यांच्या गटाची योजना निवडली गेली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी आराखडा मंजूर झाला. त्यातला सर्वात मोठा निर्णय पाण्याविषयीचा होता.

सोपा मार्ग समोर होता. वस्तीभोवती उंच बांध घालायचा आणि आत निश्चिंत राहायचं. पण त्यात दोन अडचणी होत्या. पूर्ण बांध तयार झाल्याशिवाय आतली एकही इमारत सुरक्षित नव्हती, म्हणजे सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागणार होता. शिवाय बांध घातला की नदी भिंतीआड जाते. पाण्याकाठी राहायला येणाऱ्या माणसाच्या खिडकीसमोर मातीचा उंच चढ, मग पाण्याकाठी राहण्यात अर्थ काय?

उत्तर जर्मनीच्या सखल किनाऱ्यावर बांध येण्यापूर्वीची एक जुनी रीत आहे. मातीचा उंचवटा रचायचा आणि त्यावर घर, गोठा, कधी कधी अख्खं गाव वसवायचं. याला तिथे वार्फ्ट म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर गावाचं जोतं. हाफेनसिटीने हीच रीत घेतली. जुनी जमीन काही ठिकाणी समुद्रसपाटीपासून साडेचार मीटरही उंच नव्हती. नव्या इमारती आणि मुख्य रस्ते आठ ते नऊ मीटरांवर नेण्यात आले. धक्क्याकडेचे पायी फिरण्याचे रस्ते मात्र साधारण साडेचार ते साडेपाच मीटरांवर, पाण्याच्या जवळ ठेवले.

म्हणजे वस्तीला दोन पातळ्या मिळाल्या. खालची पातळी नदीशी सलगीची. तिथे माणसं बसतात, चालतात, बोटी पाहतात. मोठं वादळ आलं की ती पातळी पाण्याला मोकळी करून द्यायची. वरची पातळी राहण्याची, कामाची आणि रुग्णवाहिका-अग्निशामक गाड्यांच्या येण्याजाण्याची. दोन पातळ्यांमध्ये जो पोकळ भाग तयार होतो त्यात गाड्या ठेवायच्या. जिथे इमारतीचा खालचा भाग पाण्याच्या टप्प्यात येतो, तिथे जाड पोलादी दारं बसवलेली असतात. इशारा आला की ती बंद करायची. सुरुवातीच्या टप्प्यात जुने रस्ते खालीच होते, म्हणून श्पायशरश्टाटवरून जाणारा किबेलश्टेग हा उंच पूल बांधला गेला. एरवी तो पायी चालणाऱ्यांचा. पुराच्या वेळी आपत्कालीन गाड्यांची वाट.

या रचनेची परीक्षा ६ डिसेंबर २०१३ रोजी झाली. क्साव्हर नावाच्या वादळाने हॅम्बुर्गमध्ये पाणी ६.०९ मीटरपर्यंत चढवलं, १९६२ च्या त्या रात्रीपेक्षाही जास्त. खालचे रस्ते पाण्याखाली गेले, दारं बंद झाली, पाणी आलं आणि ओहोटीबरोबर परत गेलं. वरच्या पातळीवरची वस्ती कोरडी राहिली.

खाली दुकान, वर बिऱ्हाड

पाण्याचा प्रश्न सुटला तरी वस्ती जिवंत होईलच असं नाही. फक्त कचेऱ्या बांधल्या तर संध्याकाळी सहानंतर रस्ते ओस पडतात. फक्त महाग घरं बांधली तर दिवसभर शांतता आणि वर्षातून दोनदा येणारे मालक. जगातल्या कितीतरी नदीकाठांचं हेच झालं आहे.

आपल्याकडच्या जुन्या पेठा आठवा. तळमजल्यावर वाण्याचं दुकान, शेजारी शिंप्याचं यंत्र, वर बिऱ्हाडं. सकाळी दूध, दुपारी पोस्टमन, संध्याकाळी ओट्यावर गप्पा. रस्त्यावर सतत कोणी ना कोणी असे, म्हणून तो सुरक्षितही असे. हे मिश्रण तिथे शतकभर आपोआप घडत गेलं. नव्या वस्तीत ते आपोआप घडत नाही. तिथे त्यासाठी अटी घालाव्या लागतात.

हाफेनसिटीतली पहिली अट तळमजल्याची होती. वर्दळीच्या ठिकाणी तळमजल्याची उंची सुमारे पाच मीटर ठेवायची आणि तिथे लोकांना आत येता येईल असाच वापर ठेवायचा. दुकान चालेल, उपाहारगृह चालेल, चित्रदालन किंवा पाळणाघर चालेल. पाच मीटर उंचीचं कारण व्यवहारी आहे. आज तिथे बेकरी असेल, वीस वर्षांनी दुसरं काही. उंच जागेत कुठलाही व्यवसाय बसतो. ठेंगण्या जागेत मात्र कालांतराने गोदाम तरी होतं किंवा कुलूप तरी लागतं.

दुसरी अट मिश्रण बारीक असण्याची. इकडे कचेऱ्यांचा भाग, तिकडे घरांचा भाग असं न करता एकेका गल्लीत, शक्य तिथे एकेका इमारतीत वेगवेगळे वापर आणायचे. २००९ मध्ये सुरू झालेली काथारिनेन शाळा हे याचं चांगलं उदाहरण. जमीन कमी म्हणून मुलांचं खेळायचं मैदान तिच्या गच्चीवर नेलं, आणि त्याच संकुलात पाळणाघर आणि घरंही बसवली. २०१२ मध्ये १९ ख्रिस्ती पंथांनी मिळून एक प्रार्थनास्थळ उभारलं. त्या इमारतीत चहापाण्याची जागा आणि राहण्याच्या खोल्याही आहेत. २०१४ मध्ये स्थापत्य आणि नगररचना शिकवणारं विद्यापीठ धक्क्यावरच्या नव्या वास्तूत आलं आणि वस्तीला तरुण मुलं मिळाली.

तिसरी अट वाहतुकीची. माणसं राहायला येण्याची वाट न पाहता भुयारी रेल्वेचा नवा मार्ग आखला गेला आणि २०१२ च्या अखेरीस गाड्या धावू लागल्या. पुढे २०१८ मध्ये तो एल्बवरच्या पुलांपर्यंत पोहोचला. चालणाऱ्याला सुमारे साडेदहा किलोमीटर लांबीचा काठ मोकळा आहे. वस्ती पूर्ण होईल तेव्हा तिथे सुमारे १५,००० माणसं राहतील आणि सुमारे ४५,००० माणसं कामाला येतील, असा अंदाज आहे.

भूखंड विकण्याची रीत

या अटी कागदावर कोणीही लिहू शकतं. त्या पाळून घेता आल्या, याचं कारण भूखंड विकण्याच्या पद्धतीत आहे, आणि मला या सगळ्या प्रकल्पातला हाच भाग सर्वात शिकण्यासारखा वाटतो.

आपल्या ओळखीची पद्धत लिलावाची. जास्त बोली लावील त्याला जमीन. मग तो विकत घेणारा दिलेला भाव वसूल करायला एकेक चौरस फूट महाग विकतो, आणि पाळणाघराला किंवा छोट्या दुकानाला जागा देणं त्याला परवडत नाही. हाफेनसिटीत भूखंड देताना तिथे काय आणणार, याला वजन दिलं गेलं. घरांच्या भूखंडांमध्ये संकल्पनेला ७० टक्के आणि किमतीला ३० टक्के गुण, अशी विभागणी ठरली.

निवड झाली तरी जमीन लगेच ताब्यात मिळत नाही. निवडलेल्या विकासकाला तो भूखंड ठरावीक काळासाठी राखून ठेवला जातो. त्या काळात त्याने वास्तुकारांची स्पर्धा घ्यायची, माती तपासायची, बांधकाम परवाना मिळवायचा. शहराची कंपनी सोबत असते. सगळं ठरल्याप्रमाणे झालं की मग किंमत भरून खरेदीखत. विकासकाला पहिल्या दिवसापासून जमिनीच्या पैशावर व्याज भरावं लागत नाही, त्यामुळे त्याला नीट विचार करायला वेळ मिळतो. त्याने शब्द पाळला नाही तर जमीन शहराकडेच राहते. दोन्ही बाजूंना सोयीची, पण नियंत्रण सार्वजनिक हातात ठेवणारी अशी ही रीत आहे.

याच्या उलट काय होतं ते पाहायला मुंबईच्या गिरणगावात जावं. सुमारे ६०० एकर जमीन आणि तिच्यासाठी १९९१ च्या विकास नियमावलीत केलेली स्वच्छ वाटणी: एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी गिरणीच्या आवारातल्या फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये बदललेला नियम कायम झाला. कामगारांची घरं आणि मुलांची मैदानं ज्या जमिनीवर व्हायची, त्यातल्या बऱ्याच जमिनीवर आज मॉल आणि उंच मनोरे उभे आहेत. गिरणगावाकडे आराखड्याची वानवा नव्हती. अट टिकवण्याची ताकद नव्हती.

किंमत आणि चुका

हाफेनसिटीतही सगळं ठीक झालं असं म्हणता येणार नाही. सुरुवातीची घरं श्रीमंतांनाच परवडणारी होती आणि शहरात त्यावर कडक टीका झाली. लोकांनी बोलून दाखवलेली ही नाराजी वाया गेली नाही. २०१० नंतरच्या टप्प्यांत सुमारे एक तृतीयांश घरं अनुदानित भाड्याची असावीत असं धोरण आलं. गृहनिर्माण सहकारी संस्थांना आणि एकत्र येऊन स्वतःची इमारत बांधणाऱ्या कुटुंबांच्या गटांना भूखंड मिळू लागले. म्हणूनच पूर्वेकडच्या बाकेनहाफेन भागात पश्चिमेकडच्यापेक्षा जास्त मिसळलेली वस्ती तयार झाली.

कोकोच्या जुन्या गोदामावर काचेची लाट बसवल्यासारखी दिसणारी एल्बफिलहार्मोनी ही संगीतवास्तू आज शहराची ओळख आहे. तिच्यात सभागृहं, हॉटेल आणि घरं आहेत, आणि ३७ मीटर उंचीवरचा सज्जा सगळ्यांना खुला आहे. पण शहराच्या तिजोरीतून ७.७ कोटी युरो लागतील असं सांगून सुरू झालेल्या या कामाला शेवटी ७८.९ कोटी युरो सार्वजनिक पैसा लागला आणि २०१७ च्या जानेवारीपर्यंत वाट पाहावी लागली. नकाशे पूर्ण होण्याआधी करार केले की काय होतं, याचा हा धडा जर्मनीत आजही दिला जातो.

पूर्वेच्या टोकावर २४५ मीटर उंचीचा मनोरा व्हायचा होता. २०२३ मध्ये सुमारे १०० मीटरांवर काम थांबलं आणि विकासक कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मधल्या भागातल्या मोठ्या व्यापारी संकुलाच्या जागी परांची कोसळून पाच कामगारांचा जीव गेला. ते संकुल २०२५ मध्ये सुरू झालं आणि एवढ्या मोठ्या बंदिस्त बाजाराने आजूबाजूच्या छोट्या दुकानांचं काय होईल, ही चिंता शहरात आहे. जिथे एकाच हाती फार मोठा तुकडा गेला, तिथेच हाफेनसिटीला सर्वात जास्त त्रास झाला, असं या घटना एकत्र पाहिल्यावर दिसतं.

एका गोष्टीचं मात्र मनापासून कौतुक करावंसं वाटतं. हाफेनसिटीतल्या एका जागेवर पूर्वी हानोफर स्थानक होतं. १९४० ते १९४५ या काळात इथून ८,००० हून अधिक ज्यू, सिंती आणि रोमा माणसांना गाड्यांत कोंबून घेट्टोंकडे आणि छळछावण्यांकडे नेलं गेलं. तिथे महागडे भूखंड पाडणं सहज शक्य होतं. शहराने तिथे लोझेपार्क ही मोठी बाग केली, जुन्या रुळांची दिशा तिच्यातून तिरपी राखली आणि फलाटाच्या जागी २०१७ मध्ये पाठवल्या गेलेल्या माणसांची नावं कोरलेलं स्मारक उभारलं. आज त्याच बागेत मुलं खेळतात. शहराने आनंद आणि शरम दोन्ही एकाच काठावर जपली.

आपला काठ

हॅम्बुर्गचा नकाशा उचलून आपल्या नदीवर ठेवता येणार नाही. तसं करणं धोक्याचं ठरेल. तिथला पूर समुद्राकडून येतो, काही तास राहतो आणि ओहोटीबरोबर जातो. आपल्या नद्यांचा पूर डोंगरातून आणि धरणांतून येतो, दिवसेंदिवस वाहतो आणि त्याला पुढे जायला रुंद पात्र लागतं. हॅम्बुर्गने जुन्या बंदराची जमीन उंच केली. आपण पात्रात भराव टाकून जमीन उंच केली तर स्वतःचं जोतं कोरडं राहील आणि पाणी शेजाऱ्याच्या घरात जाईल.

पुणेकरांनी हे पाहिलं आहे. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत इमारतींच्या तळमजल्यांत पाणी शिरलं. नदीकाठी आपल्याकडे दोन रेषा आखलेल्या असतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. कोकणातल्या जुन्या माणसाने दाखवलेला झाडाचा बुंधा म्हणजेच या रेषा. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर लांबीच्या काठावर टप्प्याटप्प्याने काम सुरू आहे. त्याच्या प्रत्येक नकाशावर या दोन रेषा ठळक दिसल्या पाहिजेत आणि अलीकडच्या पावसांचा हिशेब धरून त्या पुन्हा तपासल्या गेल्या पाहिजेत.

जमिनीचा प्रश्न मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर उभा आहे. ससून डॉकपासून शिवडीपर्यंतची बंदराची बरीचशी जमीन अजून सार्वजनिक मालकीची आहे. तिथे दारूखान्याच्या वस्तीत कामगार राहतात, ससून डॉकवर कोळी बांधव मासळी उतरवतात, शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरतात. गिरणगावात हातातून गेलेली संधी इथे अजून शिल्लक आहे.

तुमच्या गावातल्या नदीकाठाचा आराखडा कधी ना कधी हरकती आणि सूचनांसाठी प्रसिद्ध होईल. त्यातली रंगीत चित्रं पाहून झाली की तीन गोष्टी शोधा. निळी आणि लाल रेषा कुठून जातात. जमीन कोणाच्या नावावर राहणार आहे. आणि तळमजल्याचं दार रस्त्यावरच्या माणसाला उघडं आहे का. उत्तर सापडलं नाही तर मुदत संपण्याआधी लेखी हरकत नोंदवा. एकदा काँक्रीट पडलं की पुढची शंभर वर्षं ते तिथून हलत नाही.